करवंटीचा कोळसा आणि सांडपाण्यातले जड धातू: ९९ टक्के निघतात म्हणे, मग अडतंय कुठे?

शंकेखोर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, शेवटी धागाच काढला.

सांडपाण्यातले जड धातू, म्हणजे शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम वगैरे, काढायला झाडांपासून केलेला कोळसा वापरायचा या विषयावरचे पेपर वाचत सुटलोय. करवंटी, तूस, उसाची चिपाडं, लाकडाचा भुसा, कोयी, शेंगांची टरफलं, काय वाट्टेल ते घेतात, हवा न लागू देता भाजतात, वर अ‍ॅसिड नाहीतर अल्कलीचे संस्कार करतात आणि मग बाटलीत धातूचं पाणी घालून तासन् तास हलवत बसतात. शेवट जवळपास ठरलेला. ९५ ते ९९ टक्के धातू गेला, पीएच ५ च्या आसपास सगळ्यात छान जमलं, लँगम्यूर (जागा भरत जाण्याचं समीकरण) फिट बसला, आणि हा माल स्वस्त नि पर्यावरणस्नेही आहे. असे पेपर एक-दोन नाहीत, ढिगाने आहेत.

आता शंका अशी की इतकं सोपं असेल तर धातूकामाचे कारखाने अजून चुना टाकून गाळ का उपसत बसलेत? त्यांना कुणी सांगितलं नाही का? की पेपरांमध्ये काहीतरी दडलंय जे माझी केमिस्ट्री बारावीनंतर सुटल्यामुळे मला दिसत नाहीये? जाणकारांनी प्रकाश टाकावा. समीकरणं शक्यतो कमी.

निवळीचं बी

मस्त विषय. खुर्ची टाकून बसलेय.

काजळी

समीकरणं टाळून सांगायचा प्रयत्न करते, घनफळराव आले की ती येणारच आहेत.

आधी एक साफ करू, की कोळशाला धातू चिकटतो हे खोटं नाही. चिकटायच्या वाटा तीन-चार आहेत. कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट असतात, कार्बॉक्सिल, फिनॉलिक वगैरे, त्यांच्यातला हायड्रोजन सुटतो आणि तिथे धातू बसतो. दुसरी वाट आयनांच्या अदलाबदलीची, वनस्पतीच्या राखेतलं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागी धातू येतो. तिसरी म्हणजे कोळशातच थोडं फॉस्फेट किंवा कार्बोनेट असलं तर शिसं त्याच्याशी न विरघळणारं संयुग करून तिथल्या तिथे साका धरतं. आणि कार्बनच्या चकत्यांमधल्या पाय-इलेक्ट्रॉनांशीही धातूची थोडी सलगी असते, पण ती कमजोर.

यात पृष्ठफळ कुठे आलं? फारसं नाहीच. "एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटर" हे वाचून लोक भारावतात, पण तो आकडा रंग, वास, सेंद्रिय रेणू यांच्या कामाचा, कारण ते खरोखर भोकांत जाऊन बसतात. धातूच्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं, त्याला नुसत्या कार्बनच्या भिंतीत काही रस नाही, त्याला गट हवेत. आणि गंमत अशी की भट्टी जितकी जास्त तापवाल तितकं पृष्ठफळ वाढतं पण गट उडून जातात. ३००-४०० अंशांना केलेल्या बायोचारचं (हवेविना भाजलेल्या साध्या कोळशाचं) पृष्ठफळ अगदीच किरकोळ असतं पण गट भरपूर, ७०० च्या पुढे उलटं. त्यामुळे कमी तापमानाचा, दिसायला भिकार कोळसा कधीकधी वाफेवर ९०० अंशांना केलेल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनला धातूच्या बाबतीत मागे टाकतो. उच्च तापमानाचाच कार्बन वापरायचा असेल तर त्याला नायट्रिक अ‍ॅसिडने ऑक्सिडाइज करून गट परत आणावे लागतात.

अवांतर: पहिल्या महायुद्धात अमेरिकेत गॅस मास्कसाठी लोकांकडून पीचच्या कोयी गोळा करायची मोहीम निघाली होती, करवंट्याही वापरल्या, कारण त्यांचा कोळसा कडक आणि बारीक भोकांचा होतो. तिथे विषारी वायू अडवायचा होता, त्यामुळे भोकं हेच सगळं काही. धातूवाल्यांनी ते कौतुक जसंच्या तसं उचललंय.

उंटावरून

थोडक्यात कोळसा उगाळावा तितका काळाच, पण तापवावा तितका चांगलाच असं नाही.

पाणबुड्या

मी प्लांटवरचा माणूस, पेपर फारसे वाचत नाही, त्यामुळे फक्त चुन्याबद्दल बोलतो.

चुना किंवा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) टाकून पीएच वर नेला की धातूचं हायड्रॉक्साइड होतं आणि खाली बसतं. लिटरला शे-दोनशे मिलिग्रॅम धातू असला तरी एका दणक्यात काही मिलिग्रॅमवर येतो. टाकी, ढवळणी, निवळणी, फिल्टर प्रेस, संपलं. हेच काम कोळशाने करायला गेलात तर कोळशाचेच डोंगर आणावे लागतील आणि तेच डोंगर धातू भरून परत ठेवायला जागा शोधावी लागेल. त्यामुळे चुन्याच्या जागी कोळसा हा विचारच सोडा.

चुन्याची अडचण शेवटच्या शेपटात आहे. प्रत्येक धातूचा आवडता पीएच वेगळा. तीन-संयुजी क्रोमियम साडेसात-आठला छान बसतं, तांबं साडेआठ-नऊला, जस्त नऊच्या वर, निकेलला दहा ओलांडावा लागतो, कॅडमियमला आणखी वर, अकराच्या आसपास. आणि क्रोमियम, जस्त, शिसं या मंडळींचा पीएच जास्त चढला की ती परत विरघळून वर येतात. पाण्यात चार धातू एकत्र असले तर चौघांना खूश ठेवणारा पीएच नाहीच. मग जे एखाद-दोन मिलिग्रॅम उरतं ते उरतंच, वर न बसलेले बारीक कण फिल्टरमधून निसटतात ते वेगळेच. कोळशाची जागा ही. चुन्यानंतर, वाळूच्या फिल्टरनंतर, शेवटची पुसणी.

दुसरं, प्लेटिंगच्या पाण्यात अमोनिया, सायट्रेट, ईडीटीए, सायनाइड असलं काहीबाही असतं. ते धातूला असं धरून ठेवतं की चुन्याला तो दाद देत नाही आणि बहुतेकदा तुमच्या कोळशालाही देत नाही. आधी ते तोडावं लागतं. पेपरवाल्यांचं सांडपाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये लेड नायट्रेट, त्याला सांडपाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

काजळी

> चुन्यानंतर, वाळूच्या फिल्टरनंतर, शेवटची पुसणी

पूर्ण सहमत, पण यात एक खोच आहे ती पाणबुड्याभाऊंना माहीत असणार, बाकीच्यांसाठी लिहिते. चुना टाकलेल्या पाण्यात कॅल्शियम शेकडो मिलिग्रॅमने असतं आणि आपल्याला पकडायचंय एक मिलिग्रॅम निकेल. गट तेच, गिऱ्हाईक दोन, आणि एक शेकडो पटीने जास्त. शिसं आणि तांबं या गर्दीतही बऱ्यापैकी जागा पटकावतात कारण ऑक्सिजन गटांशी त्यांची पकड घट्ट असते. निकेल, जस्त, कॅडमियम मार खातात. साधारण क्रम शिसं, मग तांबं, मग बाकीचे असाच दिसतो. त्यामुळे पुढे कोळशाचा कॉलम (कोळसा भरलेली उभी नळी, वरून पाणी सोडायची) लावायचाच असेल तर आधी चुन्याऐवजी कॉस्टिक वापरणं परवडतं का ते बघावं, सोडियम तितका त्रास देत नाही. आणि पीएच ९-१० चं पाणी कॉलमवर सोडण्याआधी खाली आणावंच लागतं, नाहीतर कॉलममध्येच हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट बसून तो चोंदतो.

शंकेखोर

हे आवडलं. पण मग ९९ टक्के येतात कुठून? कॅल्शियम नाही आणि ईडीटीए नाही म्हणून?

घनफळ

आलो. समीकरण एकच वापरतो, तेही शब्दांत.

टक्केवारी हा आकडाच निरुपयोगी आहे, कारण तो कोळसा किती टाकला यावर अवलंबून असतो. जास्त टाका, जास्त टक्के. १०० मिग्रॅ/लि चं पाणी घेऊन ९९ टक्के शिसं काढलं तरी १ मिग्रॅ/लि उरतं. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या शिशाचं मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिग्रॅ/लि आहे, कॅडमियमचं ०.००३. सांडपाण्याला पिण्याचा निकष लावत नाहीत हे कबूल, पण उरलेल्या पाण्यातलं शिसं त्याच्या १०० पट आहे एवढं तरी डोळ्यासमोर यावं.

आता दुसरा लाडका आकडा, कमाल क्षमता. लँगम्यूरने १९१८ मध्ये मांडलेला विचार साधा आहे, जागा मर्यादित आहेत, आणि पाण्यात धातू जितका जास्त तितक्या जास्त जागा भरतात, शेवटी सगळ्या भरल्या की थांबतं. "१०० मिग्रॅ प्रति ग्रॅम" म्हणजे सगळ्या भरल्या तेव्हाचं. बसला शंभर सीटा असल्या म्हणून स्टॉपवर दोनच माणसं उभी असताना त्या शंभर भरणार नाहीत.

एक कल्पित उदाहरण घेऊ, आकडे मी सोयीचे धरलेत. कोळशाची कमाल क्षमता १०० मिग्रॅ/ग्रॅ, लँगम्यूरचा स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा) ०.०५ लि/मिग्रॅ. पाणी १००० लिटर, त्यात शिसं २ मिग्रॅ/लि, न्यायचंय ०.१ वर. म्हणजे काढायचं १.९ ग्रॅम. ब्रोशरवाला म्हणेल १९ ग्रॅम कोळसा पुरे. पण टाकीत शेवटी जे पाणी उरणार ते ०.१ चं, आणि कोळसा त्याच पाण्याशी समतोल साधणार. ०.१ ला या कोळशावर बसतं जेमतेम ०.५ मिग्रॅ/ग्रॅ. म्हणजे लागणार ३.८ किलो. दोनशे पट!

आता तोच कोळसा टाकीत न ढवळता कॉलममध्ये भरा. तिथे वरचा थर कायम येणाऱ्या २ मिग्रॅच्या पाण्याला सामोरा असतो, त्यामुळे तो ९ मिग्रॅ/ग्रॅ पर्यंत भरतो, खालचा ताजा थर शेवटचा कचरा टिपतो. आदर्श हिशेबाने सव्वादोनशे ग्रॅममध्ये काम होतं, प्रत्यक्षात जास्त लागेल कारण धातू आत मुरायला वेळ लागतो आणि खालचा काही भाग अर्धवटच भरलेला असताना कॉलम बदलावा लागतो. तरीही टाकीपेक्षा कितीतरी कमी. बाटलीत हलवून काढलेल्या निष्कर्षावरून "फॅक्टरीसाठी उपयुक्त" असं लिहिणाऱ्यांनी कॉलमचा एक तरी प्रयोग करावा ही अपेक्षा फार नाही.

अजून एक. दुसरा एखादा कोळसा समजा कमाल ३० चाच आहे पण स्थिरांक २ आहे. ०.१ ला तो ५ मिग्रॅ/ग्रॅ धरतो, शंभरवाल्याच्या दहापट. तक्त्यात मात्र हा तळाला असतो आणि शंभरवाला मिरवतो. मला विचाराल तर कमाल क्षमतेचे तक्ते छापायलाच बंदी घालावी, आणि आलेखाचा सुरुवातीचा चढ किती उभा आहे तेवढंच विचारावं.

निवळीचं बी

हिशेब दोनदा वाचला, दुसऱ्यांदा डोक्यात शिरला. दोनशे पट!! वाचनखूण साठवतेय.

काजळी

घनफळरावांना +१. त्यात जोड द्यायची तर ग्रॅमच्या तुलनेतही गफलत असते. शिशाचा अणुभार २०७, तांब्याचा ६३.५. १०० मिग्रॅ शिसं म्हणजे अर्धा मिलिमोलही (मोल म्हणजे कण मोजायचं माप) नाही आणि १०० मिग्रॅ तांबं म्हणजे दीडहून जास्त. जागा आयन मोजून भरतात, वजन करून नाही. त्यामुळे "आमचा कोळसा तांब्यापेक्षा शिसं दुप्पट धरतो" असं मिलिग्रॅममध्ये लिहिलं असेल तर प्रत्यक्षात शिशाचे आयन कमीच बसलेले असतात.

राखुंडी

मी याच विषयात प्रोजेक्ट करतेय म्हणून धागा बघून उडीच मारली. माझा धातू सहा-संयुजी क्रोमियम आहे. लाकडाच्या भुशाचा कोळसा फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून ५०० अंशांना केलाय. पीएच २ ला डायफिनाइलकार्बाझाइडने मोजलं तर जवळपास सगळं क्रोमियम गायब, पीएच ६ ला काहीच नाही. सर म्हणतायत पब्लिश करू. इथलं वाचून आता भीती वाटायला लागलीय. काही चुकतंय का?

काजळी

चुकत नाहीये, अर्धं बाकी आहे.

क्रोमियमची गोष्ट बाकी धातूंपेक्षा उलटी. सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण भाराचा असतो, क्रोमेटच्या रूपात. त्याला चिकटायला पृष्ठभाग धन भाराचा लागतो आणि तो आम्लात होतो. म्हणून पीएच २-३ ला जमतं. शिसं-कॅडमियम धन भाराचे, त्यांना पृष्ठभाग ऋण हवा, म्हणून ५-६. ज्या पीएचला पृष्ठभागाचा भार शून्य होतो तो बिंदू तुझ्या कोळशासाठी काढ, त्याशिवाय पीएचच्या आलेखाला अर्थ नाही.

आता महत्त्वाचं. आम्लात कोळसा क्रोमियमला नुसता धरत नाही, त्याला इलेक्ट्रॉन देऊन सहाचा तीन करतो. आणि तीन-संयुजी क्रोमियम धन भाराचा आहे, त्या आम्लात त्याला पृष्ठभाग थारा देत नाही, तो पाण्यातच राहतो. डायफिनाइलकार्बाझाइड फक्त सहावालं दाखवतं. म्हणजे तुझ्या पाण्यातलं क्रोमियम गेलं नसेलच, फक्त नाव बदलून तिथेच बसलं असेल. एकूण क्रोमियम अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपीवर (धातू मोजायची यंत्रं) मोज. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तीन झालेलं क्रोमियम.

हे वाईट नाही बरं का. सहावालं कर्करोगकारक, तीनवालं त्यामानाने फारच सौम्य, आणि पुढे पीएच आठला नेला की चुन्याने आरामात खाली बसतं. भुशाच्या कोळशाने क्रोमियम रिड्यूस करून मग खाली बसवलं असं लिहिलंस तर तो जास्त खरा आणि जास्त उपयोगी पेपर होईल. ९९ टक्के अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणं) लिहिलंस तर एखादा रिव्ह्यूअर धरेल, किंवा धरणार नाही, ते आणखी वाईट.

पाणबुड्या

आमच्याकडे हेच काम सोडियम बायसल्फाइटने करतात, पीएच अडीच-तीनला, काही मिनिटांत. कोळशाला किती वेळ लागतो?

राखुंडी

माझ्याकडे तासांमध्ये जातो.

पाणबुड्या

मग टाकी तितक्या पटीने मोठी लागेल. नाउमेद करत नाही, पण हे पण लिही.

उंटावरून

हे सगळं वाचून एक बाळबोध प्रश्न. घरच्या पाण्यात शिसं असल्याचा संशय असेल तर चुलीतला कोळसा धुऊन मडक्यात टाकला तर चालेल का? माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, आधी-नंतर मोजता येईल.

काजळी

नका करू. दोन कारणं. एक, चुलीतला कोळसा कुठल्या तापमानाला झाला, त्यात राख किती, अर्धवट जळलेल्या लाकडाचे पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन किती, कुणालाच माहीत नाही. दोन, टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. लिटरमागे दहा-वीस मायक्रोग्रॅम शिसं त्याला दिसणारच नाही, तो ३०० दाखवत असेल तर ३०० च दाखवेल. उलट राखेतलं पोटॅशियम उतरून आकडा वाढेल. संशय असेल तर लॅबमध्ये ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएसवर शिसं मोजून घ्या, आणि फिल्टर घ्यायचा तर शिशासाठी तपासून प्रमाणित केलेलाच घ्या.

शंकेखोर

मग मुळात कोळसा करायचाच कशाला? भुसा, साली तशाच वाळवून टाकल्या तर? गट तर त्यात पण असणार, आणि भट्टी वाचेल.

काजळी

चांगला प्रश्न. गट असतात, भरपूर असतात, लिग्निन-पेक्टिनवरचे, आणि कच्चा माल धातू धरतोही. पण पाणी चहासारखं होतं. टॅनिन, रंग, साखर उतरते, धातू कमी झाला आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढला असा सौदा होतो. वर ओला माल काही दिवसांत कुजायला लागतो, फुगतो, कॉलममध्ये दबून पाणीच पुढे जाऊ देत नाही. कोळसा करणं म्हणजे बरीचशी ही कटकट आधीच जाळून टाकणं.

अ‍ॅक्टिव्हेशनलाही स्वतःचा कचरा असतो. झिंक क्लोराइडने कोळसा फार सुरेख होतो पण नीट धुतला नाही तर जस्त पाण्यात सोडतो, म्हणजे धातू काढायला आणलेला पाहुणाच धातू देऊन जातो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड भट्टीचं भांडं खातो. फॉस्फोरिक अ‍ॅसिड मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, कमी तापमानाला चालतं आणि मागे राहिलेले फॉस्फेटचे गट शिशाला धरायला मदतच करतात.

आणि पारा, आर्सेनिक या दोघांसाठी नुसत्या कोळशावर विसंबू नका. पाऱ्याला गंधक लागतं, म्हणून गंधक बसवलेला कार्बन वापरतात. आर्सेनिकला लोह. त्यातही तीन-संयुजी आर्सेनिक पीएच ९ पर्यंत भाररहितच असतं, त्याला आधी ऑक्सिडाइज केलं तर काम सोपं होतं.

निवळीचं बी

एक राहून राहून वाटतंय. धातू कोळशात गेला, छान. मग त्या कोळशाचं काय करायचं? तो तर आता विषारी कोळसा झाला ना?

पाणबुड्या

ताई, शंभर टक्के मुद्द्याचं बोललात. धातू नष्ट होत नाही. सेंद्रिय घाण असेल तर बॅक्टेरिया खातील, जाळता येईल, शिसं कुणी खात नाही. पाण्यातून काढलं की ते गाळात नाहीतर कोळशात, एवढाच पर्याय.

वापरलेला कोळसा उघड्यावर टाकला आणि त्यावर आंबट पाणी पडलं की धातू परत सुटतो, कारण पीएच खाली गेला की गट हायड्रोजनला जवळ करतात. जाळला तर कॅडमियम, शिसं, पारा यांचा काही भाग धुरात जातो आणि राखेत उरलेला आणखी दाट होतो. शेतात बायोचार म्हणून टाकायची आयडिया ऐकलीय, ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला हात जोडून नमस्कार. योग्य रस्ता म्हणजे झिरपण्याची चाचणी करून घातक कचऱ्याच्या साइटवर, किंवा सिमेंटमध्ये बांधून, किंवा धातूचं प्रमाण भरपूर असेल तर स्मेल्टरकडे.

काजळी

रिजनरेशन विसरलात. ०.१ मोलरच्या आसपासच्या हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक अ‍ॅसिडने धुतलं की बराचसा धातू उतरतो आणि कोळसा परत वापरता येतो.

पाणबुड्या

विसरलो नाही, मुद्दाम लिहिलं नाही. ते अ‍ॅसिड कुठे ओतू? आता माझ्याकडे कमी पाण्यात जास्त धातू आणि वर आंबट. पेपरमध्ये "पाच वेळा वापरता आला" लिहितात, त्या पाच धुण्यांचं पाणी कुठे गेलं हे एकाने लिहिलेलं मला दाखवा. शिवाय दर वेळी कॉस्टिकने पीएच परत आणा, थोडा कोळसा भुगा होऊन जातो, थोड्या जागा कायमच्या अडतात.

काजळी

ते अ‍ॅसिड परत चुन्याच्या टाकीत जातं, सुरुवातीला, जिथे दाट धातू सहज खाली बसतो. पाण्याचं आकारमान मूळच्या तुलनेत नगण्य असतं. तांबं किंवा निकेल एकटंच असेल तर इलेक्ट्रोविनिंगने (वीज सोडून) धातू म्हणून परतही मिळवता येतं. म्हणजे कोळसा धातू साठवत नाही, विरळ पाण्यातून दाट पाण्यात नेऊन देतो, आणि दाट पाणी हाताळायला तुमचा प्लांट आहेच की.

पाणबुड्या

हं. हे असं असेल तर विचार करता येईल. एकाच धातूची धुलाईची लाइन वेगळी ठेवली असेल तर नक्कीच. सगळी पाणी एका गटारात एकत्र आली असतील तर नाही, आणि बहुतेक ठिकाणी तीच बोंब असते.

पण कॉलमसाठी दाणा कडक हवा. करवंटीचा टिकतो. तुसाचा कोळसा बॅकवॉशमध्ये (उलटं पाणी सोडून धुताना) निम्मा वाहून जातो, आणि वाहून गेलेला प्रत्येक कण धातू घेऊन बाहेर पडतो. वर तुसात सिलिका इतकी की वजनातला मोठा वाटा कार्बन नाहीच.

घनफळ

जाता जाता वेगाच्या आलेखांबद्दल एक तक्रार, राखुंडीने पेपर लिहायच्या आधी वाचावी. सगळे जण स्यूडो-सेकंड-ऑर्डर (वेगाचं एक ठरलेलं समीकरण) बसवतात, आर-वर्ग (फिट किती जुळला त्याचा आकडा) ०.९९९ येतो आणि मग "म्हणून हे रासायनिक अधिशोषण आहे" असं लिहितात. त्या सरळ रेषेच्या पद्धतीत वेळ दोन्ही अक्षांवर असते, आणि निम्मे बिंदू समतोल आल्यानंतरचे घेतलेले असतात, रेषा सरळ येणारच, काहीही घ्या. वक्र थेट बसव, सुरुवातीच्या मिनिटांचे बिंदू जास्त घे, आणि आर-वर्गावरून यंत्रणा सिद्ध झाली असं लिहू नकोस. यंत्रणा सांगायची तर चिकटण्याआधी-नंतर स्पेक्ट्रा दाखव, आणि किती कॅल्शियम-पोटॅशियम सुटलं ते मोज.

राखुंडी

सगळ्यांना खरंच धन्यवाद, एकूण क्रोमियम मोजायला सॅम्पल दिलेत. सरांशी बोलले, ते म्हणाले शिशावरही काही रीडिंग घेऊन टाक, तुलना होईल. शिशासाठी काय सांभाळू?

काजळी

तीन गोष्टी.

शेवटचा पीएच मोज, नुसता सुरुवातीचा नाही. राखवाला कोळसा अल्कलाइन असतो, ५ ला सुरू केलेलं पाणी तासाभरात ८ ला गेलेलं असतं आणि शिसं कोळशावर न बसता हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसतं. पेपरांमधलं बरंचसं "अधिशोषण" हे असलंच असतं असा माझा दाट संशय आहे. तुझा कोळसा फॉस्फोरिकचा, तो उलट पीएच खाली नेईल, म्हणजे वेगळी अडचण, पण मोज.

कोळसा न टाकलेली बाटली प्रत्येक फेरीत ठेव, आणि नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कोळसा टाकलेली एक. पहिलीत शिसं कमी झालं तर ते बाटलीने खाल्लं, दुसरीत फॉस्फेट मोज, कारण सुटं फॉस्फेट पाण्यात उतरलं तर शिसं तिथेच साका धरेल.

आणि फिल्टर पेपर. लिटरला मिलिग्रॅमच्या खालचं शिसं साध्या सेल्युलोजच्या कागदावर चांगलंच अडकतं. सिरिंज फिल्टर वापर, पहिले काही मिलिलिटर टाकून दे, कोळसा नसलेलं पाणीही त्याच फिल्टरमधून गाळून बघ. काचेपेक्षा पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या घे, आदल्या रात्री १० टक्के नायट्रिकमध्ये भिजत घाल, आणि गाळल्या गाळल्या सॅम्पलमध्ये थोडं नायट्रिक टाकून पीएच २ च्या खाली आण.